वळसा घालून टाकलेली तार

टेबलावरच्या दिव्याचा गोळा बदलताना ख्वेझीला विजेचा झटका बसला. मोठा नव्हता. कोपरापर्यंत एक कळ गेली आणि हातातला गोळा गादीवर पडला, एवढंच. पण बटण बंद होतं. ते तिनं दोनदा पाहिलं, मग स्वतःवर विश्वास नसल्यासारखं तिसऱ्यांदाही पाहिलं आणि जिन्यात जाऊन फिरीला हाक मारली. फिरी इमारतीची देखभाल करतो. म्हणजे दिवसभर पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना नावं ठेवतो आणि कुणी बोलावलंच तर पेचकस घेऊन वर येतो. त्यानं दिव्याचा प्लग उघडला, आत पाहिलं आणि त्याला हसू आलं.

"कुणी जोडलाय हा, बाई? त्या तुमच्या शिकलेल्या मित्रानं?"

"विकत घेतला तेव्हापासून असाच आहे. चार वर्षं झाली."

"मग चार वर्षं उलटा आहे. लाल तार काळीच्या जागी. बटण बंद केलं तरी वीज आत बसून राहते, तुमच्या बोटाची वाट बघत."

"पण दिवा तर नीट लागत होता."

"लागणारच की! वीज इकडून आली काय नि तिकडून आली काय, दिव्याला त्याचं काय पडलंय? आणि दिवा लागतोय तोवर प्लग उघडून कोण बघतंय?" त्यानं तारा बदलल्या, चहा मिळण्याची चिन्हं दिसेनात तेव्हा उठला आणि गेला.

शनिवार होता, सकाळचे साडेसात. खाली बुलावायो शहरातला रुंद रस्ता सुटीच्या दिवशी असतो तसा रिकामा होता. ख्वेझी खाटेच्या कडेला बसून राहिली. बोटांतल्या मुंग्या गेल्या होत्या, पण फिरीचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. लाल तार काळीच्या जागी. आज पुमुलाच्या पुढच्या नव्या वस्तीत नऊ वाजता पाण्यासाठी जमिनीत भोक पाडायची गाडी येणार होती. तिनं दहा आठवड्यांपूर्वी चुन्यानं खूण केली होती, त्या जागेवर. तिथं तिचं काहीच काम नव्हतं, खूण केली की तिचं काम संपतं. म्हणूनच ती आज दिव्याचे गोळे बदलत बसली होती.

तिचं काम लोकांना सांगायला सोपं आणि पटवायला कठीण. जमिनीवर लोखंडी पत्रा ठेवायचा, त्यावर घण मारायचा. घाव खाली उतरत जातो, आणि जिथं कोरडा दगड संपून पाण्यानं भरलेला सच्छिद्र दगड लागतो, तिथं दगडाच्या बारीक भोकांतलं पाणी केसभर हलतं. त्या हलण्यातून वीज निघते. ती इतकी थोडी असते की मुंगीलाही जाणवू नये. पण ती वर येते, आणि घणाच्या दोन्ही बाजूंना ठोकलेल्या खुंट्यांना एकाच क्षणी भेटते. पेटीच्या पडद्यावर डावीकडे रेघ वर उडते आणि उजवीकडे त्याच वेळी खाली जाते. अशी एकमेकींच्या उलट जाणारी जोडी दिसली की समजायचं, खाली पाणी आहे. तारांतून किंवा यंत्रातून आलेला कचरा असला तर दोन्ही रेघा एकाच दिशेला जातात. म्हणून दोन्ही तारांचं लाल टोक मावळतीकडे ठेवायचं, हा नियम. रस्त्यावरच्या विजेच्या तारा चालू असल्या तर त्यांच्या गुणगुणीत हे सगळं बुडून जातं. त्यामुळे साऱ्या शहराला शिव्या घालायला लावणारी वीजकपात ही ख्वेझीची कामाची वेळ. कपातीचं वेळापत्रक लोक रागानं वाचतात, ती डबा कधी भरायचा हे ठरवायला वाचते.

त्या दिवशी रेघा उलट गेल्या होत्या, स्वच्छ, पुस्तकात छापाव्यात अशा. तिनं पेटीनं केलेली तीस घावांची बेरीज पाहिली आणि तिला आनंदानं हसू आलं होतं, हेसुद्धा तिला आता आठवलं. शेजारी दुखवट्याचं घर असल्यामुळे तिनं तोंडावर हात धरला होता. म्हाताऱ्या ग्वेबूला आदल्या दिवशी पुरलं होतं आणि माणसं अजून बसायला येत होती. घरापुढे तंबू ठोकलेला, तो निम्म्या रस्त्यावर आलेला. तिला खरं तर तिथंच, ग्वेबूच्या दारापुढेच घण मारायचा होता. जुन्या नकाशात दगडातली भेग तिथून जात होती. पण तंबू होता. मग तिनं घण मारायची मधली जागा पश्चिमेला सरकवली आणि उजवी खुंटी तेवढी तंबूच्या पलीकडे जाईल असं ठरवलं. ते सांगितल्यावर तिचे मदतनीस न्योनीकाका तारेचं रीळ उचलून निघाले. बसलेल्या माणसांच्या पुढून लोखंड नेत नाहीत, म्हणून घरांच्या मागच्या बोळातून मोठा वळसा घालून गेले. पलीकडे वडीलधारी मंडळी बसली होती. त्यांच्यासमोर काका गुडघे टेकून बसले, हळूच टाळ्या वाजवून त्यांनी सांत्वनाचं बोलणं केलं, इथं थोडी ठोकाठोक होईल म्हणून परवानगी घेतली. आणि मग? ख्वेझीनं डोळे मिटले. मग ते उठले. हातात रीळ होतंच. त्यांनी तिथंच खुंटी ठोकली आणि तार उलगडत, तंबूच्या मागून, तिच्याकडे चालत आले. उजवीकडची तार नेहमी मध्यापासून बाहेर जाते. त्या दिवशी ती बाहेरून आत आली होती. रिळाचं पहिलं टोक लाल असतं. ते पूर्वेला राहिलं.

म्हणजे उजवीकडची रेघ उलटी नव्हती, उलटी दिसत होती. दोन्ही रेघा एकाच दिशेच्या होत्या. खालचं पाणी बोललं नव्हतं, घणच बोलला होता. घण पत्र्यावरून जरासा उडतो, पुन्हा टेकतो, आणि त्या दुसऱ्या टेकण्याची वीज, घाव कधी पडला ते पेटीला कळावं म्हणून घणाला बांधलेल्या वायरमधून गळते. दुसऱ्या कुणाच्या हातून हे टेकणं दर वेळी वेगळ्या क्षणी होतं आणि तीस घावांत पुसून जातं. पण न्योनीकाकांचा हात अकरा वर्षांचा मुरलेला. तीस घाव तीस जुळ्या भावांसारखे. त्यांच्या अदबीनं तार उलटली आणि त्यांच्या कसबानं कचऱ्याची रेघ घडवली, असं म्हणता आलं असतं. पण शेवटी लाल टोक कुठं आहे ते बघून, टोकं बदलून पुन्हा पाहायचं असतं, ते काम ख्वेझीचं होतं. वीज परत यायला दहा मिनिटं उरली होती आणि रेघा सुंदर होत्या. तिनं बदललं नव्हतं.

गप्प बसणं किती सोपं आहे, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. तीनातलं एक भोक कोरडं जातं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. गाडीवाले खांदे उडवतात, लोक देवाची मर्जी म्हणतात, ती कागदावर 'कोरडे' असं लिहिते. तिचे वडील रेल्वेच्या यार्डात चाकं तपासायला होते. लांब दांड्याच्या हातोडीनं प्रत्येक चाकावर टकटक करायची आणि कान द्यायचा. चाक धड असलं तर ते वाजतं, चीर असली तर ठक्क करतं. एकदा सर्दीनं कान दडपलेले असताना एक चाक त्यांना बद्द वाटलं. कान की चाक, हे ठरवता ठरवता शिट्टी झाली आणि त्यांनी गाडी जाऊ दिली. काही झालं नाही. गाडी धबधब्याच्या गावापर्यंत गेली आणि परत आली. वडिलांनी ही गोष्ट तिला सांगितली ती निवृत्त झाल्यावर, मागच्या अंगणात शेंगदाणे सोलताना. काही झालं नाही, काहीच झालं नाही, असं ते दोनदा म्हणाले, आणि बावीस वर्षांच्या नोकरीत ती रात्र सोडून दुसरी कुठली रात्र आपल्याला आठवत नाही असंही म्हणाले. तेव्हा ती विशीत होती. म्हातारा उगाच मनाला लावून घेतोय, असं तिला वाटलं होतं. तिनं न्योनीकाकांना फोन लावला.

"काका, गाडी काढा. घण, रिळं, पेटी, सगळं घ्या."

"आज शनिवार आहे, पोरी. मी अंघोळ केलीय. चर्चच्या मंडळाची मीटिंग आहे माझी."

"त्या नव्या वस्तीत चुकलंय. माझं चुकलंय."

"वीस मिनिटांत येतो," काका म्हणाले.

ते इस्त्रीचा शर्ट आणि टाय घालूनच आले. वाटेत तिनं सांगितलं. रिळाचं टोक सांगताना तिला शब्द मऊ करावेसे वाटले, पण तसे केले असते तर त्यांना जास्त लागलं असतं, म्हणून तिनं सरळच सांगितलं. काकांनी टायची गाठ सैल केली.

"म्हणजे मी उलटी टाकली."

"तुम्ही टाकली, मी तपासली नाही."

"अकरा वर्षांत एकदा नाही झालं असं."

"एकदा झालं."

"त्यांना सांग, न्योनीनं केलं म्हणून. मी म्हातारा आहे, माझ्यावर खपून जाईल. तुला अजून लग्न करायचंय, घर घ्यायचंय."

"लग्नाचा काय संबंध, काका!"

"संबंध नसतो कशाचाच," काका म्हणाले आणि त्यांनी गिअर बदलला.

ख्वेझीच्या मनात मात्र एक वेगळीच भीती होती आणि ती काकांना सांगायची राहिली. दहा आठवड्यांपूर्वी तिनं 'आहे' असं म्हटल्याबरोबर वस्तीत एक वाक्य पसरलं होतं. ग्वेबू म्हातारा हातगाडीवरून साऱ्या गल्लीचं पाणी वाहायचा. टँकर वरच्या चौकात थांबायचा आणि म्हातारा आजारी बायकांची, बाळंतिणींची पिंपं दारात आणून द्यायचा. आयुष्यभर पाणी वाहिलं आणि जाताना पाणी दाखवून गेला, असं लोक म्हणाले. ते म्हाताऱ्याच्या बायकोला, मादुबेला, जाऊन सांगितलं गेलं. तंबूतल्या बायकांनी त्यावर गाणं धरलं. ख्वेझी तेव्हा तार गुंडाळत होती. ते ऐकून आपण या वस्तीला काहीतरी दिलं असं तिला वाटलं होतं. आज ती फक्त पाणी परत घेणार नव्हती. त्या बाईच्या पदरात पडलेली एकुलती एक गोष्ट ती काढून घ्यायला निघाली होती, आणि ते करताना आपण फार प्रामाणिक आहोत असं वाटण्याची चैनही तिला परवडणार नव्हती.

गाडी आली होती. उंच लोखंडी मनोरा अजून आडवाच होता, चालक चुन्याच्या खुणेजवळ टायर तपासत होता, आणि बायका बादल्या उलट्या घालून त्यांच्यावर बसल्या होत्या. वस्तीच्या समितीच्या अध्यक्ष मालुंगाबाई हात पसरून पुढे आल्या. त्या शाळेत शिकवतात आणि सगळ्यांशी पाढे विचारल्यासारखं बोलतात.

"बघा, पाण्याची पोरगी आली! मी म्हटलंच होतं, येणार. आणि न्योनी टाय लावून! लग्न आहे का भोकाचं?"

ख्वेझीनं सांगितलं. उभ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तार कशी उलटी पडली, आपण कसं तपासलं नाही, या खुणेखाली पाणी आहे असं आपल्याला आता म्हणता येत नाही. काका मधे बोलायला गेले तेव्हा तिनं त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"पाणी नाही म्हणतेस?" मालुंगाबाईंनी विचारलं.

"नाही असंही म्हणत नाही. मला माहीत नाही. तेव्हाही माहीत नव्हतं, आणि आहे म्हणाले."

"वा! म्हणजे दहा आठवडे आम्ही चुन्याची पूजा केली."

"हो."

"तू आज घरी झोपून राहिली असतीस तर कोरडं भोक बघून आम्ही देवावर चिडलो असतो. आता कुणावर चिडायचं?"

"माझ्यावर," ख्वेझी म्हणाली.

चालकानं घड्याळ पाहिलं. "तुमचं भांडण झालं की सांगा. अकरापर्यंत थांबतो. अकराला जागा मिळाली नाही तर गाडी पुढच्या वस्तीत जाणार, आणि इथं परत कधी ते मला विचारू नका."

तेवढ्यात बायका बाजूला सरकल्या, कारण मादुबे पुढे आली होती. काळं नेसलेली, ठेंगणी, पायांत नवऱ्याचे मोठे जोडे. ती ख्वेझीसमोर उभी राहिली आणि तिनं तिच्याकडे नाही, काकांकडे पाहिलं.

"मागच्या बोळातून कशाला गेलात तुम्ही?"

काकांनी टोपी काढली. "माणसं बसली होती, वहिनी. पुढून लोखंड कसं नेणार?"

"त्याच्यासाठी गेलात."

"त्याच्यासाठीच."

"मग त्यानं पाणी नाही दाखवलं."

"नाही," ख्वेझी म्हणाली. हे तरी तिनं स्वतःच म्हणायला हवं होतं. "त्याचा काही संबंध नव्हता. मला माफ करा."

मादुबे जवळच्या बादलीवर बसली. "तर तो नुसताच गेला," ती म्हणाली. आणि तिनं चेहरा झाकून घेतला नाही, तसंच सगळ्यांसमोर रडायला लागली, मोठ्यानं, लहान मुलासारखं श्वास अडकत. ख्वेझीला तिथून पळून जावंसं वाटलं. मालुंगाबाई तिच्याकडे खाऊ की गिळू असं पाहत होत्या. एक बाई मादुबेला उठवायला वाकली, पण तिनं तिचा हात झटकला.

"रडू द्या मला!" ती ओरडली. "दहा आठवडे जी येते ती म्हणते, मादुबे, हस, म्हाताऱ्यानं पाणी दिलं. पुण्य केलं म्हाताऱ्यानं. अगं, माझा नवरा मेला! एक तरी बाई तो मेला म्हणून रडली का माझ्यापाशी? सगळ्या बादल्या घेऊन तयार!"

मग तिच्याजवळ बसून दोघीतिघी रडल्या. ते बराच वेळ चाललं, चालकसुद्धा गाडीच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. ख्वेझी तिथंच उभी होती. आपण केलेलं वाईट आहे की बरं, हे तिला ठरवता येईना, आणि ठरवायला कुणी तिला विचारतही नव्हतं. दहा वाजता रस्त्यापलीकडच्या दुकानातला रेडिओ बंद पडला. वीज गेली होती. मादुबेनं नाक पुसलं.

"तुला पहिल्यांदा कुठं हवं होतं?" तिनं ख्वेझीला विचारलं.

"तुमच्या दारापुढे. तंबू होता तिथं."

"मग टाक की. आता काय आहे तिथं? पुरलाय त्याला." मग काकांकडे वळून, "आणि बोळातून नाही. माझ्या दारापुढून न्या तार. सरळ."

काकांनी टोपी बगलेत धरली, रीळ उचललं आणि मध्यापासून निघाले. दारासमोर ते क्षणभर थबकले, पण थांबले नाहीत. लाल टोकं मावळतीकडे. ख्वेझीनं प्रत्येक खुंटी हातानं तपासली, वीज नीट पकडावी म्हणून मिठाचं पाणी ओतलं, पुन्हा तपासली. पण काकांनी घण उचलल्यावर तिनं तो धरला.

"तुम्ही नको, काका. तुमचा हात फार एकसारखा आहे."

"ही तक्रार आजवर कुणी केली नव्हती," काका म्हणाले.

तिनं बायकांना सांगितलं की प्रत्येकीनं एक घाव मारायचा, जमेल तसा, वाकडा पडला तरी चालेल. वाकडेच हवेत. घणाचा कचरा असला तर तो इतक्या हातांत विस्कटून जाईल; खालून काही येत असलं तर ते येत राहील, मारणारं कुणीही असो. मागच्या खेपेला सांगितलेल्या विजेच्या गोष्टीपेक्षा हे त्यांना लवकर पटलं. मालुंगाबाईंनी पहिला मारला, तो पत्र्याच्या कडेला लागून घण त्यांच्या चपलेजवळ पडला आणि सगळ्या हसल्या. मग एकेक आली. जाडी, बारकी, पाठीला मूल बांधलेली, म्हातारी. कुणी थुंकून हात चोळले, कुणी घावाबरोबर कुणाला तरी शिवी दिली. ख्वेझी पेटीच्या पडद्यासमोर उकिडवी बसली होती. पाच घावांपर्यंत काहीच नव्हतं. दहाव्या घावाला डावीकडे एक लहानशी उचल दिसली, उजवीकडे तेवढीच खोल. तिनं टोकं बदलली. रेघा बदलल्या, बदलायला हव्या तशाच. परत जोडली. वीस. सव्वीस. ती उचल सुंदर नव्हती, खडबडीत होती, आणि होती तिथंच राहिली.

शेवटी मादुबे आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. जोडे काढून ती अनवाणी उभी राहिली, घण तिला डोक्यावर उचलेना, म्हणून तिनं तो गुडघ्यापर्यंत उचलला आणि सोडला. ठक्क असा हलका आवाज झाला. पडद्यावरची उचल होती तशीच राहिली.

"काय गं?" मादुबेनं विचारलं. "आहे?"

चालकासकट सगळे ख्वेझीच्या तोंडाकडे बघत होते. अकराला बारा मिनिटं कमी होती. ख्वेझीला 'आहे' म्हणायची इतकी इच्छा झाली की तिनं दात दाबून धरले.

"असावं," ती म्हणाली. "यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही."

मादुबेनं घण जमिनीवर टेकवला आणि त्यावर भार देऊन पायांत जोडे घातले. "ठीक आहे," ती चालकाला म्हणाली. "माझ्या दारात पाड. आणि कोरडं निघालं, तर आज तरी कुणी मला हस म्हणू नका."